विधीला वेळ, नामाला सर्वकाळ



सन २०२५ मध्ये सणासुदीचे दिवस फार लवकर आले, असे जो तो म्हणत होता. गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला, आणि २०२५ साली तर २७ ऑगस्टलाच बाप्पा दारात! वास्तविक तिथी आपल्या जागेवरून तसूभरही हलली नव्हती. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून ११ दिवसांनी आखूड. म्हणून इंग्रजी तारखेने पाहता सण दरसाल अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबरची. आमच्या वसईतील ख्रिस्ती शेजाऱ्यांचा नाताळ सौर गणनेचा. तो २५ डिसेंबर सोडीत नाही. तात्पर्य, लवकर सण येत नाही; मोजण्याची रीत निराळी, एवढेच.

परंतु खरोखर लवकर आलेली दिवाळी आम्हांस एका माउलीने दाखविली. त्याच साली नवरात्रात वसईस कीर्तन होते. या बाईंचा मुलगा जहाजावर नोकरीला. ऐन पितृपंधरवड्यात त्याला निघण्याचा हुकूम आला. पुढे सहा महिने परतणे नाही. आईने काय केले? चकल्या पाडल्या, करंज्या तळल्या, ओटीवर कंदील लावला. मुलगा हसला, पोटभर जेवला आणि गेला. मागाहून शेजारच्या बायका म्हणाल्या, "अगं, पितरांच्या दिवसांत दिवाळी? काही अभद्र झालं म्हणजे?" तेव्हापासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागेना. कीर्तन आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "बुवा, माझ्या हातून पोराचं वाईट तर नाही ना झालं?"

आम्ही पंचांगात वाढलेले. आम्ही आधी विचारले, "तिथी कोणती होती?" मुलाची खुशाली मागाहून विचारली. त्याचे आम्हांला अजून वाईट वाटते.

असो. आता पूर्वपक्ष पाहू. कर्माला काळ नेमून दिलेला आहे, तेव्हा अकाली केले तर दोष नाही का? खरे आहे, विधीला काळाचे बंधन आहेच. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येलाच. आळंदीची वारी कार्तिक वद्य एकादशीलाच, आणि आपल्या निर्मळची यात्राही त्याच एकादशीची. रजा मिळत नाही म्हणून कोणी एकादशी दशमीवर ओढू लागला, तर आम्ही त्याला हात जोडून नाहीच म्हणू. पण त्या बाईंनी लक्ष्मीपूजन केले होते काय? नाही. त्यांनी लेकराच्या मुखी घास घातला. घासाला कुठला आलाय मुहूर्त!

आणि पितरांचे म्हणाल, तर धर्मशास्त्रात दिवाळीच्या अमावास्येला उल्कादर्शन सांगितले आहे. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून हाती उजेड धरावयाचा. म्हणजे दिवाळीचा दिवा पितरांना परका नाही, त्यांच्याही सेवेचाच आहे. नातवाच्या ताटात करंजी पाहून आजा रुसेल काय? आम्ही बाईंना म्हणालो, "माउली, तुमच्या घरी दोन्ही पंगती एकदम उठल्या, पितरांची आणि लेकराची. आता निवांत झोपा." बाईंनी पदराने डोळे पुसले.

मात्र याचा आधार घेऊन कोणी कर्ज काढून हौस करू लागेल, तर तो आमचा शब्द नव्हे. बाजारही भाद्रपदातच दिवाळी मांडतो. पण तो मांडतो गिऱ्हाइकाच्या खिशासाठी. आईने मांडली ती लेकासाठी. कंदील दोन्हीकडे सारखाच दिसतो, आतली वात निराळी.

सज्जनहो, विधीला वेळ आहे, नामाला नाही. विरारच्या गाडीत दाटीत उभा राहणारा नोकरदार, खळ्यावरचा शेतकरी, दूर दर्यावरचे ते लेकरू, यांनी विठ्ठल म्हणायला आषाढी येईपर्यंत थांबू नये. तसेच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गोड घास द्यायचा असेल, रुसलेल्या भावाला हाक मारायची असेल, तर सणाची वाट पाहू नका. तिथी पुढल्या वर्षी पुन्हा येईल, माणूस येईलच असे नाही. देवाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या मुखी घातलेला आनंद केव्हाही वेळेवरच असतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!