लाल पारा

वाडा बिल्डरकडे जायचं ठरलं आणि शनिवार पेठेतल्या त्या घरात सामानाच्या वाटण्या सुरू झाल्या. तांब्यापितळेची भांडी पहिल्याच दिवशी संपली. शिसवी कपाटावरून दोन काका आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. जिन्याखाली पडलेलं आजीचं सिंगरचं पायमशीन मात्र कुणाच्याच वाट्याला गेलं नाही, कारण कुणी ते मागितलंच नाही. शेवटी नातू म्हणाला, "राहू दे माझ्याकडे." सगळ्यांना वाटलं, लाडका नातू, आजीच्या वस्तूत जीव अडकला असेल. जीव अडकला होता हे खरं. पण तो मशीनमध्ये नव्हे, मशीनच्या आतल्या पाऱ्यात.

त्याच्या फोनवर एक निरोप आला होता. जुन्या सिंगर मशीनच्या पोटात 'लाल पारा' असतो, तो अणुबाँबपासून गुप्तधनापर्यंत सगळीकडे चालतो आणि त्याला लाखांनी भाव आहे, असं त्यात लिहिलं होतं. ही अफवा आपल्याकडचीच आहे असंही नाही. 2009 च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात ती इतकी पसरली की जुन्या मशीनला दोन लाख रियालपर्यंत बोली लागली आणि चोरांनी शिंप्यांची दुकानं फोडली. असा पारा कधी कुणाला सापडला नाही, पण त्यामुळे अफवेचं काही अडलं नाही. पारा आहे की नाही हे ओळखायची खूणही निरोपात दिलेली होती. कॉल चालू असलेला मोबाइल सुईजवळ न्यायचा, कॉल तुटला तर पारा आहे. नातवाने फोन सुईजवळ नेला आणि कॉल तुटला. आता त्या वाड्याच्या भिंती हातभर जाड. जिन्याखाली फोन मशीनजवळ नेला काय किंवा आजीच्या फोटोजवळ नेला काय, रेंज जायचीच. पण हवं ते दिसलं की माणूस दुसरं कारण शोधत नाही.

निरोपातल्या नंबरावरच्या गृहस्थाने 'टेस्टिंग'साठी काही हजार रुपये आधी मागितले. ते पोचल्यावर त्याचा फोन कायमचा बंद झाला. इथे कुणीही शहाणा झाला असता. नातवाने मात्र वेगळाच अर्थ काढला. तो माणूस लबाड निघाला म्हणजे पारा नक्की आहे, नाहीतर त्याने एवढी खटपट कशाला केली असती? तेव्हा आता मधला माणूसच नको. रविवारी दुपारी घरचे झोपल्यावर त्याने मशीन उघडायला घेतलं.

स्क्रूड्रायव्हर खाचेपेक्षा जाड होता, त्यामुळे स्क्रूंची तोंडं झिजली. मग पकड आली, मग हातोडी. तोंडाकडचं झाकण निघालं, पाठीमागचं गोल झाकण निघालं, सुईचा दांडा, फूट, दाते, एकेक करून सगळं फरशीवर आलं. दोऱ्याच्या ताणाची नाजूक स्प्रिंग कुठेतरी उडाली ती सापडलीच नाही. आतून निघाला कापसाचा मेणचट गठ्ठा, तुटलेल्या सुईचं टोक, काळं पडून डिंकासारखं घट्ट झालेलं तेल आणि हाताच्या पोकळीत, जिथे फडकं पोचत नाही अशा कोपऱ्यात, चिमूटभर करडी माती.

ती माती 12 जुलै 1961 ची होती. त्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. मशीन आजीच्या सासूने हप्त्यांवर घेतलेलं. हप्त्यांची ही युक्ती सिंगर कंपनीने 1856 पासूनच चालवली होती, म्हणून तर ज्या घरात एकरकमी पैसे कधी जमले नसते तिथेही ते मशीन पोचलं. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाच्या शिवणवर्गात आजी शिकली होती आणि नवरा गेल्यावर त्या मशीनवरच घर चालवत होती. पूर ओसरला तेव्हा मशीन गाळात रुतलेलं होतं. तिने ते पाण्याने धुतलं, रॉकेलने धुतलं, रात्रभर बसून पुसलं, तेल घातलं. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यावर शाळेचे गणवेश, झबली आणि परकर शिवले. एवढा एक कोपरा राहून गेला होता.

नातवाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने माती झटकली आणि लोखंड गोणीत भरलं.

जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका भंगारवाल्याने गोणी काट्यावर ठेवली, तेवढ्यात बॉबिन केसच्या ढिगात हात घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मान वर केली. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गोणीचं तोंड उघडून त्यांनी आत पाहिलं.

"कुणी खोललं हे?"

"मी."

"हातोडीने?"

"आधी पकडीने."

"मिळाला का पारा?"

नातू गप्प झाला. मिस्त्री म्हणाले, "लाजू नकोस, तू पहिला नाहीस." त्यांनी बैठकीवरचा नंबर अंगठ्याने पुसला. "आकड्यांच्या आधी वाय आहे, बघ. हे स्कॉटलंडचं, क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. पहिल्या महायुद्धाआधी तिथून वर्षाला दहा लाखांवर मशिनं निघायची. दर मशीनमध्ये पारा घालायचा म्हणजे कंपनीने पाऱ्याची नदीच विकत घ्यायला हवी होती. आणि पंचावन्न-साठ रुपये रोज मिळावा म्हणून आमचे शिंपी आयुष्यभर त्याच पाऱ्यावर पाय मारत बसले, असं म्हणायचं का?" मग गोणीत हात घालून त्यांनी रिळाच्या खिळ्याखालची नाण्याएवढी लाल लोकरी चकती काढली. "लाल म्हणशील तर या मशीनमध्ये एवढंच. दोऱ्याचं रीळ खडखडू नये म्हणून."

"जोडून द्याल? पैसे देतो."

"नाही. मी जोडलं तर तू पुन्हा खोलशील. तू जोड, मी शेजारी बसतो."

जुनी वस्तू दुरुस्त करण्याबद्दल लिहिताना लोक फार हळवे होतात. प्रत्यक्षात त्यातलं तीन चतुर्थांश काम घासण्याचं असतं आणि ते कंटाळवाणं असतं. नातू सुटीच्या दिवशी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन पत्र्याच्या डब्यात रॉकेल घ्यायचा (पुण्यात आता रॉकेल शोधणं हीच निम्मी दुरुस्ती), त्यात भाग भिजत घालायचा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ते काळं, चिवट तेल काढत बसायचा. शेवटच्या वर्षांत आजीच्या हाताशी मशीनचं तेल नसावं. तिने खोबरेल घातलं होतं, ते सुकून चिकट होतं आणि पुढे दगडासारखं घट्ट बसतं. दाते जिथे हलतात तिथल्या फटीत चिंधी जात नाही, म्हणून जाड दोरा रॉकेलमध्ये भिजवून पुढेमागे ओढायचा. भाग स्वच्छ झाला की कोरडा पुसायचा, मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा आणि काढला त्याच क्रमाने मांडून ठेवायचा. क्रम नातवाला आठवत नव्हता. मिस्त्रींना आठवत होता, पण ते सांगत नसत. "झिजलेली बाजू बघ. जिथे घासलंय तिथेच ते बसायचं." हरवलेली स्प्रिंग बाजारात मिळाली. या घडणीची मशिनं पुढे आपल्याकडेही निघाली, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात.

चमक आणायची घाई मात्र नातवाला आवरली नाही. मिस्त्री चहाला गेले असताना त्याने काळ्या अंगावर स्पिरिटचा बोळा फिरवला. सोनेरी वेलबुट्टी क्षणभर चकाकली आणि पाहता पाहता रुपेरी, मग पांढुरकी झाली. मिस्त्री परत आले, त्यांनी पाहिलं. "त्या नक्षीवर लाखेचं आवरण असतं. लाख स्पिरिटात विरघळते. आवरण गेलं की सोनेरी रंगही टिकत नाही." रागावले नाहीत. उरलेला भाग त्यांनी त्याच्याकडून नुसत्या तेलाने पुसून घेतला आणि पांढरं पडलेलं तसंच राहिलं. पुढच्याच आठवड्यात टेबलाच्या लाकडाला पॉलिश करायला त्यांनी त्याच स्पिरिटात चपडा लाख भिजत घातली, तेव्हा नातू त्यांच्याकडे बघतच राहिला.

"अरे, लोखंडावर ज्याने घात केला तेच लाकडावर कामाचं. काय लावायचं याच्याआधी कशावर लावायचं ते बघ."

लाकडाची अवस्था वाईट होती. वरची फळी ठीक होती, पण खालचे खण पुराच्या पाण्याने फुगलेले आणि त्यांच्यावरचा सागवानी पापुद्रा सुटून कुरळा झालेला. सरस जुना असला तरी उष्णतेने पुन्हा मऊ होतो. मिस्त्रींनी ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवायला शिकवलं, खाली नवा सरस भरला आणि शिकंजे आवळून रात्रभर ठेवले. खणांवर वीतभर उंचीवर एक काळपट आडवी रेघ होती, पाणी ओसरल्यावर गाळ जिथवर साचून राहिला होता तिथली. नातवाला ती एकाएकी मोलाची वाटू लागली. तोवर त्याने आत्याला सगळी हकीकत सांगितली होती, अगदी हातोडीसकट, आणि त्या मातीचं खरं काय ते तिच्याकडून कळलं होतं. तो म्हणाला, "ही रेघ राहू दे. आठवण आहे."

आत्या दुकानात काठी टेकत आलीच होती. पुराच्या वर्षी ती आठ वर्षांची होती. "कसली आठवण? दोन महिने मी त्या गाळाच्या बादल्या उपसल्या आहेत. घालव ती."

मिस्त्रींनी काचकागद हातात घेतला, पापुद्र्याची जाडी नखाने चाचपली आणि कागद खाली ठेवला. "ताई, डाग खोल गेलाय आणि पापुद्रा पोस्टकार्डाएवढा आहे. घासला तर भोक पडेल."

"मग राहू दे," आत्या म्हणाली. रेघ राहिली ती अशी.

बिडाचा स्टँड घासून रंगवला त्या दिवशी दुकानात एक जण आला. त्याला उपाहारगृहात मांडायला अशा स्टँडची टेबलं हवी होती. पुण्यात हल्ली हा उद्योग जोरात आहे. लोखंडी पाय ठेवतात, वरचं मशीन भंगारात जातं. तो चांगली रक्कम बोलला, पाऱ्याएवढी नव्हे पण हातात मिळेल अशी. मिस्त्री नातवाकडे न बघता म्हणाले, "तुझं आहे, तू ठरव."

नातू काही क्षण हिशेब करताना दिसला. तो केला नसता तर मला त्याच्याविषयी शंका आली असती. मग म्हणाला, "अजून टाका बसायचाय. नंतर या."

शेवटी मशीन उभं राहिलं. चामड्याची नवी वादी मापाने कापून तारेच्या हुकाने जोडली. नातवाने पायडल दाबलं, मोठं चाक फिरलं, वरचं छोटं चाक फिरलं आणि सुई जागची हलली नाही. त्याने पुन्हा दाबलं. चाकं मजेत फिरत होती. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तोंडाकडच्या झाकणाकडे वळला.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "झाकण शेवटी बसवलंस?"

"नाही. शेवटी चाक बसवलं."

"मग आधी चाक बघ."

छोट्या चाकाच्या मधल्या गोल मळसूत्रामागे एक कानांची वॉशर असते. बॉबिन भरताना चाक फिरावं पण सुई थांबावी, यासाठी ते मळसूत्र सैल करायचं असतं. वॉशर अर्धा फेर चुकीची बसली की मळसूत्र आवळतच नाही. नातवाने ती काढली, फिरवून बसवली, मळसूत्र आवळलं. चाक आपल्याकडे एकदा हाताने फिरवून त्याने पायडल दाबलं आणि सुई खाली गेली. खालचा दोरा वर आला. ज्या दुरुस्तीसाठी तो पुन्हा सगळं तोंड उसकटणार होता ती अडीच मिनिटांत, झाकणाला हात न लावता झाली होती. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

पिशवीतून उशीच्या अभ्र्याचं कापड काढून आत्याने त्याच्यापुढे टाकलं. मशीन घरी न्यायच्या आधी एक शिवण तिला आपल्यासमोर घातलेली हवी होती. नातवाने कापड दुमडलं, फूट खाली केला आणि हळूहळू, जीभ दातांत धरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिवण नेली. ती खरोखरच सरळ आली होती. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी आत्याकडे बोट दाखवलं.

आत्याने चष्मा लावला. सुलट बाजूकडे तिने बघितलंही नाही. कापड उलटं केलं आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास लोंबत होते त्यांवरून नख ओढलं.

"वरचा ताण कमी आहे," ती म्हणाली. "स्क्रू पाव फेर आवळ. आणि हे सगळं उसव."