विंडोज मारून देतोस का?

आपल्याकडे विंडोज इन्स्टॉल करत नाहीत, 'मारतात'. प्रत्येक हॉस्टेलवर, गल्लीत, गेला बाजार नात्यात तरी असा एक जण असतोच, ज्याच्याकडे बूटेबल पेनड्राइव्ह आहे. लॅपटॉप रखडायला लागला की त्याला फोन जातो. तो येतो, चहा होतो, तासाभरात मशीन नवंकोरं. कुणी पैसे विचारत नाही. फाइल कुठून आणली, हेही कुणी विचारत नाही.

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. एरवी आपली ऑपरेटिंग सिस्टिम राखणदार असते. पासवर्ड मागते, कुठलं अ‍ॅप कशाला हात लावतंय ते बघते. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की हा राखणदार झोपलेलाच राहतो. आलेला पाहुणा डिस्क पुसतो आणि नवा राखणदार नेमतो. नंतर तुम्ही टाकलेला अँटिव्हायरसही त्या नव्या राखणदाराच्याच डोळ्यांनी बघणार. म्हणजे इथे कुणाला घराची किल्ली देत नसतो आपण, पायाच त्याच्याकडून रचून घेत असतो.

अधिकृत साइटवरून घेतलं की प्रश्न मिटला? २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्या साइटमध्ये घुसून कुणीतरी १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाउनलोड लिंक बदलली. त्या दिवशी जे तिथून गेले, त्यांना चोरदरवाजा असलेली आयएसओ फाइल मिळाली. त्यांचं काय चुकलं होतं? यावर उपाय म्हणजे चेकसम. फाइलमधला एक बिट बदलला तरी एसएचए-२५६चा ६४ अक्षरांचा आकडा पार बदलतो. तपासायला मिनिटभर लागतं. पण साइट बदलणारा तिथे छापलेला आकडाही बदलू शकतो. मग डिजिटल सही तपासा. मग सहीची चावी कुणाची? युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांनी १९८४ साली छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही साखळी शेवटपर्यंत नेली. सगळा सोर्स कोड स्वतः वाचलात तरी तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर लबाड असू शकतो, आणि ती लबाडी कोडमध्ये कुठेच दिसणार नाही.

इथे हुशार माणसं खांदे उडवतात. खात्री कधीच होणार नसेल, तर तपासायचं कशाला? मला हा आळस वाटतो, तत्त्वज्ञानाचा झगा घातलेला. आपल्या न्यायदर्शनाने या प्रश्नाचा जास्त नीट विचार केलाय. सगळं ज्ञान स्वतः बघून मिळत नाही, दुसऱ्याचा शब्दही प्रमाण असतो. मात्र तो 'आप्ता'चा हवा. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. तो ऋषी असो वा म्लेच्छ, कसोटी एकच. जाण आणि सचोटी, बस्स.

मराठीत मात्र 'आप्त' म्हणजे नातेवाईक झाला. पेनड्राइव्हच्या बाबतीत आपण नेमके तिथेच आहोत. मावसभावाने दिला ना, मग चांगलाच असणार. त्याची सचोटी शंभर टक्के असेलही, पण ती 'प्री-अ‍ॅक्टिव्हेटेड' फाइल त्याने टेलिग्रामवरच्या कुठल्याशा चॅनेलवरून उचलली असेल, तर आत काय आहे हे त्याला तरी कुठे माहीत?

स्वतःच्या लॅपटॉपशी काय जुगार खेळायचा तो खेळा. मावशीचा लॅपटॉप वेगळा. त्यात तिचं नेटबँकिंग आहे, आधारचं स्कॅन आहे, लग्नाचे फोटो आहेत. तिने विश्वास ठेवलाय तुमच्यावर, आणि तुम्ही तो तिला न विचारता एका निनावी माणसाच्या हवाली करताय. तो विश्वास तुमच्या मालकीचा नव्हताच. तुम्ही फार तर त्याचे विश्वस्त.

परवाना परवडत नाही, ही अडचण खरी आहे आणि त्यावर मी प्रवचन देणार नाही. पण विंडोजची मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्ट स्वतःच फुकट उतरवू देते. अ‍ॅक्टिव्हेट केली नाही तर कोपऱ्यात एक पुसट पाटी राहते, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, असलंच काहीबाही. लिनक्स तर आहेच. थोडक्यात, अनोळखी फाइल आपण बऱ्याचदा ती पाटी घालवायला घेतो.

मावशीला चेकसम समजावत बसायची गरज नाही. फाइल कुठून आणली, तपासली की नाही, एवढं तिच्या कानावर घालायचं. ती बहुतेक चहाचा कप पुढे करत म्हणेल, "तुला बरोबर वाटतंय ना? मग टाक."