ओढून आणलेली गाडी

बंद पडायला मोटार नेहमी घरापासून लांबचीच जागा निवडते. आमची जुनी फियाट कोहमाऱ्याच्या फाट्यावर बसली. गोंदिया तिथून चाळीसेक किलोमीटर! क्रेनवाल्याचा आकडा ऐकून वाटलं, गाडी त्यालाच देऊन एस.टी.नं घरी जावं.

तेवढ्यात धान भरलेला ट्रॅक्टर गोंदियाच्या राइस मिलकडे निघालेला दिसला. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. घासाघीस करून पाचशेचे तीनशे केले. ट्रॉलीला दोर बांधला. 1989 च्या नियमांत ओढल्या जाणाऱ्या गाडीला ताशी 24 किलोमीटरची मर्यादा होती. आम्ही ती मोडण्याची मुळीच भीती नव्हती. मुर्दोलीच्या जंगलात एका सायकलवाल्यानं आम्हांला मागे टाकलं.

गोरेगावला चहा पिताना ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ओळखलं नाही जी, साहेब? सही जुळत नाही म्हणून तुम्ही मला तीनदा परत पाठवलं होतं."

चहा घशात अडकला. सही खरंच जुळत नव्हती. मी नियमानंच वागलो होतो. आता त्यानं दोर सोडला असता, तरी तेही नियमात बसलं असतं.

घरी पोचल्यावर त्यानं डिझेलपुरते शंभरच घेतले. "ओळखीच्या माणसाकडून जास्त कसे घेऊ जी?"

नियमानं वागणं म्हणजे चांगलं वागणं का, हा प्रश्न बँकेच्या परीक्षेत कधी आलाच नाही. रात्री झोप येईना. सहीचा नवा नमुना घ्यायची सोय नियमातच होती. फक्त त्यासाठी मला खुर्चीवरून उठावं लागलं असतं.