संशयाचे शिक्षण

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा हे शिकविण्यासाठी थोर धर्मसंस्थापकांनी आपली वाणी झिजविली. अविश्वास शिकविण्यासाठी पुढे वर्ग भरतील, पाठ्यक्रम आखले जातील आणि प्रमाणपत्रेही वाटली जातील, अशी कल्पना त्यांच्यापैकी कोणाच्या मनास शिवली नसेल. आज ती गोष्ट घडत आहे, आणि आमच्या पुण्यातच घडत आहे. रिझर्व्ह बँकेने १९६९ साली स्थापिलेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था कोंढव्यास आहे. देशभरचे बँक अधिकारी तेथे शिकावयास येतात. काळा पैसा पांढरा कसा होतो आणि दहशतवादास द्रव्य कोणत्या वाटेने पोचते, हे ओळखण्याची विद्याही त्यांच्या अभ्यासात असते. या विद्येने मनुष्य अधिक शहाणा होतो की केवळ अधिक संशयी होतो, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

ही विद्या अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. गुन्ह्याचा पैसा आधी पेढीत शिरतो. मग या खात्यातून त्या खात्यात, या कंपनीतून त्या कंपनीत फिरविला जातो. आणि शेवटी घर, जमीन किंवा धंदा यांच्या रूपाने प्रतिष्ठित होऊन समाजात मिरवितो. दहशतवादाच्या पैशाची चाल याहून निराळी असते. तो पुष्कळदा पगाराचा किंवा देणगीचा, म्हणजे मुळात स्वच्छ असतो, आणि रक्कमही लहान असते. तो मलिन होतो तो आपल्या हेतूने. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत स्फोट होऊन सतरा माणसे प्राणास मुकली. अशा संहारास फार मोठे भांडवल लागत नाही, हीच त्यातील भयंकर गोष्ट आहे. म्हणूनच १ जुलै २००५ पासून अमलात आलेल्या कायद्याने बँकांवर दुहेरी कर्तव्य घातले आहे. दहा लाखांवरील रोख व्यवहार तर कळवावयाचेच. पण रक्कम कितीही असो, जो व्यवहार संशयास्पद वाटेल तोही दिल्लीच्या आर्थिक गुप्तवार्ता कचेरीस कळवावयाचा. पहिले काम हिशेबाचे आहे, दुसरे विवेकाचे. हिशेब यंत्रासही येतो. विवेक शिकविता येतो काय, हाच खरा प्रश्न.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुण्यातीलच एक प्रसंग उपयोगी पडेल. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये दरोडा पडला. दरोडेखोर पुण्यात आलेच नाहीत. खात्यात शिल्लक आहे की नाही हे विचारून मगच एटीएमला होकार देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा बसविली. ती कोणासही काही न विचारता होकार देत राहिली. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत अठ्ठावीस देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. कोल्हापुरासारख्या आपल्या शहरांतूनही काही कोटी गेले. आणि १३ ऑगस्टला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण चोरी ९४ कोटींहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांस दोषी ठरविले.

या घटनेतून सर्वांवर संशय घ्यावा असा बोध पुष्कळांनी घेतला असेल. मला तो बरोबर वाटत नाही. त्या खोट्या यंत्रणेचा दोष विश्वास ठेवणे हा नव्हता. विश्वास ठेवावयास मन लागते, आणि ते तिला नव्हतेच. तिचा दोष एवढाच, की ती विचारीत नव्हती. न विचारता ‘हो’ म्हणणे याला आपण भाबडेपणा म्हणतो. परंतु न विचारता ‘नाही’ म्हणणे हे त्याच आळसाचे दुसरे रूप आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. भाबडा आणि संशयखोर हे एकमेकांचे शत्रू दिसले तरी सख्खे भाऊ आहेत. समोरच्या माणसाकडे आणि त्याच्या व्यवहाराकडे नीट पाहण्याचे कष्ट दोघेही चुकवितात.

आपल्या शास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. संशयात्म्याचा नाश होतो असे गीता बजावते. उलट गौतमाच्या न्यायशास्त्रात सोळा पदार्थांमध्ये संशयाला मानाचे स्थान आहे. यांत विरोध नाही. गीतेने निषेधिलेला संशय हे मनाचे कायमचे बिऱ्हाड आहे. न्यायशास्त्रातील संशय ही वाटेवरची धर्मशाळा आहे. तेथून निघून निर्णयाच्या गावी पोचावयाचेच असते. बँकेच्या कारकुनास जो संशय शिकवावयाचा तो या दुसऱ्या जातीचा. शिकविला जातो तो कोणता?

येथे भीती वाटण्यास जागा आहे. अशा वर्गांत धोक्याच्या खुणांची यादी पाठ करून घेतात. यादी उपयोगी असते. पण ती परीक्षेपुरती पाठ झाली की डोळ्यांचे काम बंद पडते. मग ज्याचे नाव अपरिचित, ज्याचे कपडे मळके, ज्याची भाषा परप्रांतीय, त्याच्यावर खूण लवकर बसते. आणि वीस वर्षांचा ओळखीचा, सभासमारंभांत पुढच्या खुर्चीवर बसणारा गृहस्थ सहज निसटतो. पूर्वी खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. आज ओळखीची जागा कागदपत्रांनी घेतली. परंतु ओळख आणि कागद हे दोन्ही चौकशीचे आरंभ आहेत, शेवट नव्हेत. शिवाय अहवाल न दिल्यास दंड, आणि दिल्यास कायद्याचे संरक्षण, अशी स्थिती असल्यावर कारकून स्वतःच्या बचावासाठी अहवाल धाडीत सुटला तर नवल नाही. अशा ढिगाऱ्याखाली खरी शंकाच गाडली जाते, आणि निरपराध माणसाचे नाव मात्र एका दप्तरात कायमचे जाते.

दुसरी अडचण निष्ठेची आहे. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने सनदी लेखापालही, अशिलाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, पैशाची वा खात्याची व्यवस्था, कंपनीची उभारणी अशी कामे करताना, या कायद्याच्या कक्षेत आले. ज्याच्या फीवर घर चालते त्याच्याविरुद्धच कळवावयाचे, आणि कळविल्याचे त्याला सांगावयाचेही नाही, हे चहाडीसारखे नाही काय? आक्षेप खोटा नाही. पण लेखापालाची सही अशिलाने विकत घेतलेली वस्तू नव्हे. हिशेब पाहून जे अनोळखी लोक पैसा गुंतवितात वा कर्ज देतात, त्यांना दिलेले ते वचन आहे. अशिलाचे गुपित राखणे हा धर्म खरा; त्याच्या गुन्ह्याला आपल्या सहीची शाल पांघरणे हा धर्म नव्हे. चहाडखोर स्वार्थासाठी किंवा द्वेषासाठी बोलतो. येथे बोलणाऱ्याला स्वार्थाविरुद्ध बोलावयाचे असते.

मात्र ज्याच्यावर आरोप होतो त्याला तो कळत नाही, उत्तर देता येत नाही; म्हणून लिहिणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. अहवालात संशयाची कारणे लिहावी लागतात. तो रकाना भरताना प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हाच व्यवहार निराळ्या नावाच्या, निराळ्या पोशाखाच्या, माझ्या ओळखीच्या माणसाने केला असता, तर मी हेच लिहिले असते काय? उत्तर ‘हो’ आले तर लेखणी थांबवू नये, मग समोर कोणीही असो. ‘नाही’ आले तर लिहिण्यापूर्वी आणखी विचारावे. कौटिल्याने सरकारी धन लुबाडण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत. आज ते चारशे झाले असतील आणि उद्या आणखी वाढतील. प्रकारांची यादी जुनी होते. हा प्रश्न जुना होत नाही. कोंढव्याच्या किंवा कोठल्याही वर्गातून बाहेर पडणाऱ्या माणसाने यादी विसरली तरी चालेल, हा प्रश्न मात्र विसरू नये. कारण चोर पकडणे हे त्याचे काम आहेच. पण ज्या विश्वासावर पेढी उभी आहे, तो चोर पकडण्याच्या नादात आपल्याच हातून चोरीस जाऊ न देणे, हेही त्याचेच काम आहे.