खायचं फळ, बघायचं फळ

आमच्या लहानपणी रंग म्हणजे मातीच. तुळशीवृंदावनाला गेरू, भिंतीला पांढरी माती, चुलीला शेणमातीचं पोतेरं. रंगाची डबी आमच्या घरात फार उशिरा आली. त्यामुळं पुण्यात, विश्रांतवाडीला राहायला आल्यावर शेजारचे निवृत्त चित्रकलेचे मास्तर गॅलरीत बसून माती घोळताना दिसले, तेव्हा मला हा माणूस आपल्यातलाच वाटला.

मास्तर फक्त खनिज रंग वापरत. गेरू कुटायचा, पाण्यात कालवायचा. जड कचखडी तळाशी बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, त्याच्या तळाशी जमलेली साय वाळवायची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची. पिवळी माती तव्यावर भाजली की ती लाल होते. वीट भट्टीत लाल होते तसंच. "ह्या रंगाला ऊन काही करत नाही," मास्तर सांगायचे. "गेरू म्हणजे गंजलेलं लोखंड. जे आधीच गंजलंय ते आणखी काय गंजणार?"

आई गावाकडनं, पुरंदरहून आली की सीताफळं आणायची. एकदा तिनं त्यातली पाच-सहा मास्तरांना दिली. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर फळं तशीच तांब्याच्या ताटात मांडलेली, आणि मास्तर समोर कुंचला घेऊन. एक फळ बुडाशी काळं पडून उललेलं.

"मास्तर, खायाला दिल्याती. बघाया न्हाई."

"आई, मी खाल्लं तर एकट्यानं खाल्लं. चित्र शंभर जण बघतील."

"बघून प्वाट भरतं व्हय?"

मास्तर हसले. आई हसली नाही. तिनं १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेला. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं. खडी फोडायची आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. अशा बाईच्या डोळ्यांदेखत फळ नासत असेल, तर तिला त्यात कला दिसावी असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पण मास्तरांचंही खोटं म्हणवत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर फळं रंगवलेली आहेत, त्यात आंबेही आहेत. पाचव्या शतकातलं काम. रंग हेच, मास्तरांच्या वाट्यांतले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी. निळा तेवढा परमुलखातल्या दगडाचा, आजच्या अफगाणिस्तानाकडून आलेला. आता गंमत बघा. त्या लेण्यात राहणारे भिक्खू झोळी घेऊन गावात भिक्षा मागणारे. साठवून ठेवायचं नाही, आज मिळेल ते आज. आणि त्यांच्या डोक्यावर पिकलेली फळं, जी कुणाला तोडता येत नाहीत. रंगवणाऱ्यांना ती उधळपट्टी वाटली नसावी. हाताला न लागणारं फळ नुसतं बघता येणं, हीही एक शिकवणूकच असेल.

म्हणून काय टिकलं तेच मोठं? तेही खरं नाही. चित्रातला आंबा दीड हजार वर्षं राहिला. पण त्याच काळात जो आंबा कुणी चोखून खाल्ला, त्याचं रक्त झालं, कोय उकिरड्यावर पडली, त्यातून झाड आलं असेल. तोही टिकलाच की. फक्त त्याच्यावर कुणी तिकीट लावलं नाही.

ह्यावर उत्तर मला आईच्याच भाषेत सापडलं. आपण देवाला नैवेद्य 'खाऊ घालतो' असं म्हणत नाही, नैवेद्य 'दाखवतो' म्हणतो. आईनं कधीही झाडाचं पहिलं फळ देवाला दाखवल्याबिगर तोंडात घातलं नाही. दुष्काळाच्या पुढच्या वर्षीसुद्धा नाही. म्हणजे आधी बघणं, मग खाणं, ही भरल्या पोटाची चैन नव्हे. भुकेलेल्या माणसानंही पाळलेली ती रीत आहे. फळावर हात टाकण्याआधी क्षणभर थांबायचं, हे माझ्या भुकेपेक्षा मोठं काहीतरी आहे असं मानायचं. मास्तर चार दिवस तेच करत होते.

मी हे आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आरं, पर द्येवापुढचं आपुन वाटून खातो. नासूस्तवर कोन ठिवतं?"

सगळी मेख इथं आहे. बघण्याला हरकत नाही; बघण्यासाठी दुसऱ्याचा घास अडवून ठेवण्याला आहे. माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याकडं निघते तेव्हा आमच्या विश्रांतवाडीच्या रस्त्यावर लोक वारकऱ्यांना केळी वाटतात. दर्शनही होतं आणि हातही रिकामा होतो. दोन्ही एकाच वेळी जमतं, तेव्हाच बघणाऱ्याला बघण्याचा हक्क येतो असं मला वाटतं.

मास्तरांनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेपासून फळ कडक असेतोवर ते आकार आणि मुख्य रंग बसवून घेत. पिकायला लागलं की सोसायटीतल्या पोरांना हाक मारून वाटून टाकत. उरलेलं काम आठवणीवर. "आठवणीनं काढलेलं फळ जरा जास्त गोड होतं," म्हणायचे.

पहिलं चित्र पुरं झालं तेव्हा आईनं ते बराच वेळ निरखलं. सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून फिकट पडल्या की आमच्याकडं डोळे उघडले म्हणतात. तेव्हाच फळ उतरवायचं. मास्तरांनी नेमकी ती फिकट रेघ हिरव्या मातीत चुना मिसळून काढली होती.

"डोळं उघडल्यात," आई म्हणाली. "दोन दिसांत पिकंल."

आणि मग खालच्या पोरांना द्यायला पाटीतली उरलेली सीताफळं निवडू लागली.