सोसणे, टाळणे आणि विवेक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचं पारायण करण्याचा नेम आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेला. बँकेत असतानाही रजा टाकून मी तो पाळला. गेल्या वर्षी मात्र दुसऱ्याच दिवशी वाचन थांबवायची वेळ आली. तासभर मान खाली घालून वाचलं आणि मानेतून खांद्यावाटे थेट मधल्या बोटापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. बोटं बधिर झाली, पान उलटेना. पारायणातून मध्येच उठायचं नाही म्हणून दात आवळून बसून राहिलो. सौ. स्वयंपाकघरातून आली. काही बोलली नाही. दोन पाट एकावर एक ठेवून तिनं पोथी माझ्या डोळ्यांसमोर आणली. समोर तेरावा अध्याय होता, पोटशूळाने गांजलेल्या ब्राह्मणाचा.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. देहाचं दुखणं सोसावं किती आणि त्यावर उपाय करावा कधी? सोसण्याला आपण भक्ती म्हणतो. पण प्रत्येक सोसणं भक्तीच असतं का?

आधी दुखण्याविषयी थोडं सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचं असेल. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाखांमध्ये मी पस्तीस वर्षं कारकुनी केली. सुरुवातीची वर्षं लेजरवर मान वाकवण्यात गेली, नंतरची कॉम्प्युटरपुढे मान पुढे काढण्यात, आणि फोनचा रिसीव्हर कायम कान आणि खांद्याच्या मध्ये. मानेत सात मणके असतात. त्यांच्यामधल्या गाद्या वयानुसार झिजतात. एखादी गादी बाहेर आली की हाताकडे जाणारी नस दाबली जाते. म्हणजे बिघाड मानेत, आणि ओरड हाताची. पौषात पुण्याला जाऊन एमआरआय काढला, तेव्हा सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी बाहेर आल्याचं दिसलं.

सर्जन म्हणाले, "काका, गळ्याच्या पुढच्या बाजूने जाऊन गादी काढता येते आणि ते दोन मणके जोडून टाकता येतात. पण आजच केलं पाहिजे असं नाही. विचार करून सांगा."

विचार करायला आम्ही माणसं मंदिराच्या ओट्यावर बसतो! एक म्हणाले, "प्रारब्धभोग आहे, भोगूनच संपवावा." दुसरे म्हणाले, "एकदाचं कापून मोकळे व्हा." तिसऱ्यांनी मान मोडून देणाऱ्या एका माणसाचं गाव सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकलं आणि घरी येऊन सौ.ला म्हणालो, "महाराजांची इच्छा असेल तसं होईल."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ही महाराजांची इच्छा की तुमची भीती?"

मला राग आला. पण रात्री झोप लागेना (दुखण्याने तर लागतच नव्हती), तेव्हा कबूल करावं लागलं की ती बरोबर बोलली होती. गळ्यावर सुरी चालणार या कल्पनेनंच मी हबकलो होतो. आणि त्या भीतीला मी शरणागतीचं नाव दिलं होतं. बँकेत चुकीच्या खात्यावर रक्कम पडली तर हिशोब चुकतो. इथे मी भीतीची रक्कम श्रद्धेच्या खात्यावर जमा करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरावा अध्याय काढला. पोटाच्या व्यथेनं तो ब्राह्मण इतका त्रासला आहे की अन्न पोटात ठरत नाही, आणि तो गोदावरीत जीव द्यायला निघाला आहे. श्रीगुरू त्याला परत बोलावतात. आत्मघात हे पाप आहे हे ते सांगतात, पण "भोग आहे, भोग" म्हणून त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. औषध देतो म्हणतात. आणि ते औषध पोचतं कसं? सायंदेवाच्या हातून. याला घरी नेऊन जेवू घाल, अशी त्याला आज्ञा होते. सायंदेव घाबरतो. अन्नानं हा दगावला तर हत्या माझ्या माथी, असं त्याला वाटतं. आज्ञा मानून तो वाढतो आणि ब्राह्मण बरा होतो.

इतकी वर्षं ही कथा मी केवळ चमत्कार म्हणून वाचली. आता तिच्यात तीन माणसं दिसतात: दुखण्यापुढे हरलेला, भीत भीत का होईना हात पुढे करणारा, आणि त्या दोघांची गाठ घालून देणारे महाराज. उपाय माणसाच्या हातून आला म्हणून कृपा कमी झाली नाही. मग डॉक्टरकडे जाण्यात श्रद्धा कमी कशी पडते?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. या अवधूताला आपली परंपरा दत्तात्रेय मानते. पृथ्वीकडून तो सोसणं शिकतो, ते आपल्याला पाठ असतं. पण चोवीस संपल्यावर तो आणखी एक गुरू सांगतो, तो म्हणजे स्वतःचा देह. देह विरक्ती शिकवतो आणि विवेकही. आपण म्हातारपणी यातली विरक्ती तेवढी उचलतो, विवेक मागे राहतो.

विवेक म्हणजे काय, ते मला फेब्रुवारीतल्या दुसऱ्या भेटीत कळलं. या खेपेला मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनी सांगितलं की दबलेल्या नसेचं दुखणं बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. स्वीडनमध्ये ८१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींचं ऑपरेशन केलं, काहींना फिजिओथेरपी दिली, काहींना कॉलर. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त होता, वर्षानंतर तिन्ही गटांच्या वेदनेत फारसा फरक उरला नव्हता. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, हेही ते म्हणाले. पण मला धीर आला.

मग त्यांनी आवाज बदलून सांगितलं, "काका, दुखणं थांबू शकतं, ताकद थांबत नाही. हाताचा जोर कमी होत गेला, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि मानेला झटका देणाऱ्याकडे मुळीच जायचं नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते."

त्या दिवशी मी ठरवलं. व्यायाम, पातळ उशी, लागेल तेव्हा गोळी, दर तीन महिन्यांनी तपासणी. आणि सांगितलेल्या खुणांपैकी एक जरी दिसली तरी चर्चा न करता ऑपरेशन. ही शेवटची अट मी सौ.ला लिहून दिली आहे, कारण माझा माझ्या धैर्यावर पूर्ण विश्वास नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. नोकरीत असताना पीककर्जाच्या कामासाठी साहेबांबरोबर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे जाणं व्हायचं. तिथल्या बायका डोक्यावर पाण्याचे हंडे, लाकडाच्या मोळ्या, हिरड्याची पोती घेऊन चढ चढत असत. त्यांच्या मानेनं किती सोसलं असेल? "मान धरलीय" एवढंच त्या म्हणत. एमआरआय नाही, रजा नाही, पेन्शन नाही. मी ऑपरेशन करू की थांबू असा विचार करत बसू शकतो, ही माझी पुण्याई नाही, माझी सोय आहे. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या सोसण्याला आपण प्रारब्ध म्हणून हात जोडावेत, हे महाराजांना आवडेल असं मला वाटत नाही. त्या कथेत त्यांनी सायंदेवाला हात जोडायला नाही, वाढायला सांगितलं होतं.

आज दुखणं निम्म्यावर आहे. गेलेलं नाही, कदाचित जाणारही नाही. आता साष्टांग दंडवत जमत नाही. उभ्यानंच हात जोडतो. पहिले काही दिवस त्याची लाज वाटली, आता वाटत नाही. जे उरलं आहे ते सोसतो, पण डोळे उघडे ठेवून.

यंदा सप्ताहाला पोथी पहिल्या दिवसापासून दोन पाटांवर ठेवली आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.