देवाची फरशी आणि कोपऱ्यावरचा ढीग



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या एका शब्दावर. सातव्या श्लोकात (काही प्रतींत तो आठवा येतो) भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात. त्यात एक शब्द आहे 'शौच'. आजच्या बोलीत तो ऐकला की भलतंच आठवतं, पण मूळ अर्थ शुचिता, स्वच्छता. भगवंतांनी स्वच्छतेला नुसती चांगली सवय म्हटलेलं नाही, ती थेट ज्ञानात मोजली. म्हणजे अख्खी गीता पाठ आहे, पण कचऱ्याची पिशवी कुठे टाकायची ते उमगत नाही, तर ज्ञान अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

या शब्दापाशी माउली ज्ञानेश्वरीत कापराची आठवण करून देतात. कापूर आतून-बाहेरून एकच. आता आपल्याकडे बघा. देवघर लख्ख, उंबऱ्यावर रांगोळी, आणि ऑफिसला जाताना स्कूटरच्या हुकाला अडकवलेली पिशवी नाल्याकाठी भिरकावलेली. हा कापूर नव्हे.

कायम कचरा पडणाऱ्या अशा जागांना पुण्यात 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. त्या कशा तयार होतात ते मी आमच्या भागात पाहिलंय. कचरा न्यायला ताई नऊला येतात, घरातले सगळे आठलाच बाहेर. पिशवी दिवसभर घरात नको म्हणून कुणीतरी ती अंधारात कोपऱ्यावर ठेवतो. दुसऱ्याला वाटतं, इथे टाकतातच की! तिसरा जुनी गादी आणतो, चौथा टेम्पोभर राडारोडा ओततो. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागतात, असं तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. वाईट वागण्याला तर श्रेष्ठ असण्याचीही गरज नाही. पहिली पिशवी पुरते.

मग वैतागून लोक भिंतीवर देवांच्या फरशा बसवतात. गणपती, शंकर, साईबाबा, ओळीने. आणि ढीग चार पावलं पलीकडे सरकतो! मला ते बघून फार वाईट वाटतं. आपण देवाला वॉचमन केलं, आणि जिथे फरशी नाही तिथे देव नाही असं ठरवून टाकलं. याच अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत सांगतात की सगळ्या क्षेत्रांतला जाणणारा मीच. म्हणजे पिशवी टाकणाऱ्याच्या आत तो आहे, आणि सकाळी तोच ढीग उपसणाऱ्या ताईंच्या आतही.

शौचाचे शेजारी शब्दही बघा. त्याच श्लोकात आधी अहिंसा येते. ओल्या कचऱ्यात लपलेली फुटकी काच, न गुंडाळलेलं पॅड, ब्लेड... हे कुणाच्या तरी बोटांना लागतं. गाठ मारलेल्या पिशवीतलं शिळं अन्न गाय पिशवीसकट गिळते. उपवास करून आपण अहिंसा पाळतो आणि ती पिशवीत हरवते.

शौचाच्या लगेच पुढे आहे स्थैर्य. एका रविवारी पन्नास जण झाडू घेऊन आले, कोपरा चकाचक झाला. सोमवारी रात्री पुन्हा पिशवी. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साधना रोजची असते, तशी स्वच्छताही.

आणि यादीच्या अगदी सुरुवातीला? मान नको असणं आणि दंभ नसणं. इथे मला गाडगेबाबा आठवतात. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा संत गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा, रात्री कीर्तन. कुणी पाया पडायला आलं तर त्यांना ते नको असायचं. आपला झाडू मात्र फोटो निघेपर्यंतच हातात टिकतो.

तर आजचा संकल्प छोटा आहे. आपली वेळ जुळत नसेल तर शेजारच्या काकूंना सांगा, "काकू, आमच्या बादल्या दाराबाहेर ठेवतोय, तेवढ्या ताईंना द्याल?" ओला-सुका वेगळा करा. काच आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्या. घरात फोडाफोडीचं काम काढलंत तर ठेकेदाराला आधीच विचारा, राडारोडा नेमका कुठे जाणार? निर्माल्य कॅरीबॅगसकट पुलावरून नको, कुंडीत जिरवा. आणि कोपऱ्यावर कुणी पिशवी ठेवताना दिसलं तर ओरडू नका, "दादा, ताई नऊला येतात, मी देऊ का तुमची?" एवढंच विचारा.

उद्या संध्याकाळी कापूर लावाल तेव्हा ज्योतीकडे क्षणभर बघा. जळून गेल्यावर तो मागे काहीच ठेवत नाही. आपल्या मागे रस्त्यावर काय उरतं?

जय जय राम कृष्ण हरी!